कोल्हापूरने नेमलेली डॉक्टर



जोतिबाच्या यात्रेला जाणाऱ्या पुष्कळांना कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय ठाऊक असते. त्याचे जुने नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली कोल्हापूर संस्थानाने तेथील स्त्री-विभाग एकवीस वर्षांच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडे सोपवायचे ठरवले.

कल्याणच्या या मुलीचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले, आणि बायकांना बाई डॉक्टर हवी हे तिच्या मनाने घेतले. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे तिच्या शिक्षणासाठी मदत मागितली. उत्तर आले ते धर्मांतराच्या अटीचे. आम्हा ख्रिस्ती लोकांना हे वाचताना अवघडायला होते. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईही ख्रिस्तीच. त्यांनी मात्र कसलीही अट न घालता आनंदीबाईंना घरात मुलीसारखे ठेवून घेतले. तिकडेही आनंदीबाई साडीच नेसत.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरचे बोलावणे तिथेच पोहोचले होते. पण तोवर क्षयाने त्यांना गाठले. नोव्हेंबरात त्या मायदेशी परतल्या त्या अंथरूण धरूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरला रुजू होणे राहूनच गेले.

पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर रुग्ण तपासू लागल्या.