डोंगरवाटांचा चित्रकार

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात तळ्यांचा एक रमणीय प्रदेश आहे. इंग्रज लोक त्याला लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात. लांबच लांब पसरलेली निळसर तळी, त्यांच्या काठी दगडी भिंतींनी आखलेली हिरवी कुरणे, कुरणांत चरणाऱ्या मेंढ्या आणि त्यांच्यामागे एकामागून एक उभ्या असलेल्या डोंगरांच्या रांगा, असे ह्या प्रदेशाचे रूप आहे. येथील डोंगराला स्थानिक भाषेत ‘फेल’ हा शब्द आहे. उंचीच्या हिशेबाने पाहिले तर हे डोंगर मोठे नाहीत. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर, स्कॅफेल पाइक, ह्याच प्रदेशात आहे. त्याची उंची ९७८ मीटर. आपले कळसूबाई त्याहून साडेसहाशे मीटरांनी उंच भरेल. परंतु ह्या डोंगरांना लहान समजून फसलेले प्रवासी पुष्कळ आहेत. तेथे ऊन असता असता ढग उतरतो, दहा पावलांवरचे दिसेनासे होते आणि पायांखालची वाट कोठे गेली ते कळत नाही.

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी जावे, दिवसभर चालावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, ही त्या देशातील असंख्य लोकांची सुट्टीची रीत आहे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये असे हिंडणाऱ्यांच्या खिशात पुष्कळदा एक लहानसे पुस्तक सापडते. त्या पुस्तकाचे नवल असे की, त्याच्या पानांवर छापखान्यातील खिळ्यांचे अक्षर मूळचे नव्हतेच. अक्षरे, नकाशे, चित्रे, सारे काही एकाच माणसाने आपल्या हाताने, काळ्या शाईने काढलेले. त्या माणसाचे नाव आल्फ्रेड वेनराइट.

आल्फ्रेडचा जन्म १७ जानेवारी १९०७ रोजी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न ह्या गावी झाला. हे गिरण्यांचे गाव होते. एके काळी हिंदुस्थानात नेसली जाणारी धोतरे मोठ्या प्रमाणावर ह्याच गावच्या मागांवर विणली जात. उंच धुराडी, काळवंडलेल्या भिंती आणि एकमेकांना चिकटलेली कामगारांची घरे ह्यांतच मुलांचे बालपण जाई. आल्फ्रेडचे वडील पाथरवट होते. त्यांना काम नेहमी मिळत नसे आणि मिळालेल्या पैशांतील बराचसा दारूत जाई. चार मुलांचा संसार आईने लोकांचे कपडे धुऊन चालविला. धाकटा आल्फ्रेड अभ्यासात हुशार होता. त्याला नकाशांचा मोठा नाद. मिळेल त्या कागदावर तो नकाशे काढीत बसे. परंतु तेराव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. मुलांनो, तेरा वर्षे म्हणजे तुमचेच वय! त्याच्या बरोबरीची बहुतेक मुले गिरणीत गेली. आल्फ्रेडला मात्र नगरपालिकेच्या कचेरीत उमेदवाराची जागा मिळाली. दिवसा कचेरी आणि रात्री अभ्यास असा त्याचा क्रम कित्येक वर्षे चालला, आणि अखेरीस हिशेबनिसाच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन तो कायमच्या मार्गाला लागला.

१९३० साली, तेवीस वर्षांचा असताना, त्याने थोडे पैसे साठवून आपल्या एका आतेमामे भावंडाबरोबर आठवड्याची सहल काढली. दोघे विंडरमियर ह्या गावी उतरले आणि जवळच्या ऑरेस्ट हेड नावाच्या टेकडीवर चढले. टेकडी कसली, अडीचशे मीटरसुद्धा उंची नाही तिची! वाटही झाडीतून गेलेली, त्यामुळे वर पोहोचेपर्यंत काही दिसत नाही. माथ्यावर आल्याबरोबर मात्र समोर एकदम तळ्याचे विस्तीर्ण पाणी आणि त्यापलीकडे सबंध क्षितिजभर डोंगरच डोंगर उभे राहतात. ज्याने जन्मापासून धुराडी पाहिली, त्या तरुणाला तो देखावा पाहून काय वाटले असेल, ह्याची कल्पना आपणच करावी. त्या एका आठवड्यात त्याच्या आयुष्याची दिशा ठरली, एवढे खरे.

दिशा ठरली तरी तिकडे जाऊन पोहोचायला अकरा वर्षे लागली. दुसऱ्याच वर्षी त्यांचे लग्न झाले, पुढे मुलगा झाला, नोकरी सुटण्यासारखी नव्हती. १९४१ साली डोंगरांच्या उंबरठ्यावरील केंडल ह्या गावच्या नगरपालिकेत एक जागा निघाली. पगार होता त्याहून कमी होता. वेनराइट यांनी ती आनंदाने पत्करली. १९४८ मध्ये ते तेथील खजिनदार झाले आणि निवृत्तीपर्यंत त्याच पदावर राहिले. त्यांच्या हिशेबाच्या वह्या इतक्या सुबक असत की, त्या पाहणाऱ्याला पुढच्या पुस्तकांचे बीज तेथेच दिसावे.

९ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री त्यांनी पहिले पान लिहावयास घेतले. आपण पाहिलेले डोंगर म्हातारपणी, पाय थकल्यावर, घरी बसून पुन्हा चढता यावेत म्हणून ते कागदावर उतरवून ठेवावेत, एवढाच त्यांचा प्रारंभीचा हेतू होता. त्यांनी प्रदेशाचे सात भाग पाडले, प्रत्येक भागाला एक पुस्तक नेमले आणि सर्व काम तेरा वर्षांत पुरे करावयाचे, असे वेळापत्रक आखले. खजिनदाराला शोभण्यासारखेच हे झाले!

वेनराइट यांना मोटार चालविता येत नव्हती. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसने ते केंडलहून निघत आणि संध्याकाळच्या शेवटच्या बसने परत येत. त्या दोन बसांच्या मधला जो वेळ, तेवढाच त्यांच्या मालकीचा. अंगात जाडाभरडा लोकरी कोट, खिशात नकाशा, गळ्यात कॅमेरा आणि तोंडात चिलीम अशा थाटात हा उंचापुरा माणूस एकटाच डोंगर चढे. सोबत कोणी असलेले त्यांना आवडत नसे. वाटेत कोणी भेटले तरी ते बोलणे शक्यतो टाळीत. एकच डोंगर ते वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा चढत. कोठे भिंत संपते, ओढा कोठे ओलांडावा, दलदल कोणत्या बाजूला आहे, माथ्यावर दगडांचा ढीग आहे की नुसते गवत, हे सारे ते टिपून ठेवीत. मग आठवड्याच्या रात्री, कचेरीतून आल्यावर, टेबलाशी बसून छायाचित्रांवरून चित्रे काढावयाची, असा क्रम होता.

त्यांच्या पुस्तकातील डोंगराचे प्रकरण मोठे पाहण्यासारखे असते. प्रथम डोंगर कोठे आहे ते सांगणारा नकाशा. नंतर त्यावर चढण्याची प्रत्येक वाट. ही वाट दाखविण्याची त्यांची युक्ती खास त्यांची स्वतःची होती. पानाच्या तळाशी नकाशा असतो. पण डोळा वर वर जाऊ लागला की, नकाशाचे हळूहळू चित्र होते आणि पानाच्या माथ्याशी प्रत्यक्ष शिखर उभे राहिलेले दिसते. पायथ्याशी उभे राहून पुस्तक समोर धरले की, समोरचा डोंगर आणि पानावरचा डोंगर ताडून पाहता येतात. शेवटी माथ्यावरून कोणकोणती शिखरे दिसतात, ती किती मैलांवर आहेत, हे दाखविणारी रेखाचित्रे. साध्या नकाशावरील वळणावळणांच्या रेषा पाहून गोंधळणाऱ्या माणसालासुद्धा हे पुस्तक हाताला धरून वर नेते.

काम सुरू होऊन काही महिने लोटले, शंभराच्या आसपास पाने तयार झाली. तेव्हा वेनराइट यांच्या ध्यानात आले की, ओळी डावीकडे सरळ एकाखाली एक असल्या, तरी उजवीकडे त्या वेड्यावाकड्या संपतात. छापील पुस्तकात दोन्ही कडा सारख्या असतात. आपल्या पुस्तकात तशा का नसाव्यात? त्यांनी ती सारी पाने बाजूला सारली आणि पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला. शुद्धलेखनाचे एक पान पुन्हा लिहा म्हटले की, वर्गातील तोंडे कशी उतरतात, हे मी चाळीस वर्षे पाहिले आहे. आणि वेनराइट यांना तर पुन्हा लिहा म्हणून सांगणारे कोणीच नव्हते. तो पहिला खर्डा कोणी पाहिलाही नव्हता. एवढा हट्ट आवश्यक होता काय, असे कोणी विचारील. मलाही पूर्वी तसे वाटे. परंतु पुढील सातही पुस्तकांतील कोणतेही पान उघडून पाहावे. अक्षरांच्या त्या ओळी चित्राच्या आजूबाजूला अशा नेटक्या बसल्या आहेत की, एक शब्द हलविला तर पान बिघडेल.

पहिले पुस्तक पुरे झाले तेव्हा छापण्यास पैसा नव्हता. दोन हजार प्रतींचा खर्च सुमारे ९५० पौंड आणि वेनराइट यांच्यापाशी होते ३५ पौंड. केंडलच्या मुद्रकाने मोठ्या मनाने पुस्तके छापून दिली आणि ती खपतील तसे पैसे घेण्याचे मान्य केले. गावच्या ग्रंथपालांनी प्रकाशक म्हणून आपले नाव दिले. १९५५ मध्ये पुस्तक बाहेर पडले. फारशी जाहिरात झाली नाही. एका डोंगरभटक्याने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि प्रती संपल्या.

मग एकामागून एक पुस्तके येत गेली. त्यांच्या अर्पणपत्रिका पाहिल्या म्हणजे हा अबोल माणूस मनातून किती खेळकर होता, ते कळते. पहिले पुस्तक सरकारी भूमापन खात्याच्या माणसांना, कारण त्यांच्या नकाशांवाचून हे काम झालेच नसते. दुसरे, डोंगरांवर मैल मैल दगडी भिंती रचणाऱ्या अनाम गवंड्यांना. तिसरे, त्या प्रदेशातील कुत्र्यांना. चौथे मेंढ्यांना. पाचवे, डोंगरांतून एकटे हिंडणाऱ्यांना. आणि सहावे? ते त्यांनी आपल्याच दोन पायांना अर्पण केले!

सातवे पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्याचे काम तेरा वर्षांच्या वेळापत्रकाआधी एक आठवडा संपले होते. सात पुस्तकांत मिळून २१४ डोंगर आले होते. हे सर्व डोंगर चढून पुरे करावेत, अशी प्रतिज्ञा करणारे लोक पुढे निघाले, आजही निघतात.

ह्या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरी वेनराइट अबोल आणि अलिप्त होते. सुट्ट्या डोंगरांवर आणि रात्री टेबलाशी गेल्या. घरच्या माणसांच्या वाट्याला फार थोडे उरले. त्यांचा पहिला संसार अखेर मोडला. १९७० मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला आणि उतारवयात त्यांना पत्नीची प्रेमळ साथ लाभली. मोटार चालविण्याचे काम आता ती करी.

१९७३ साली त्यांनी आणखी एक वाट दाखविली. पश्चिम किनाऱ्यावरील सेंट बीज येथून निघून पूर्व किनाऱ्यावरील रॉबिन हूड्स बे येथे पोहोचणारी, इंग्लंडच्या आरपार जाणारी, सुमारे तीनशे किलोमीटरांची. ह्या वाटेला राष्ट्रीय पदमार्गाचा दर्जा देण्याचे तेथील सरकारने २०२२ मध्ये जाहीर केले.

ज्याला एकांत सर्वांहून प्रिय, त्याच्याच पुस्तकांनी डोंगरांवर गर्दी आणली, हा मोठा चमत्कारिक योग होय. पुस्तकांच्या लक्षावधी प्रती खपल्या. हजारो बुटांनी गवत झिजले, माती वाहून गेली, कित्येक वाटा ओरखड्यांसारख्या दुरून दिसू लागल्या. त्याचा दोष काही लोकांनी वेनराइट यांना दिला. तो सर्वस्वी त्यांचा नव्हता, कारण मोटारी वाढल्या होत्या आणि लोकांना सुट्ट्याही अधिक मिळू लागल्या होत्या. पण त्यांचा काहीच वाटा नव्हता, असेही म्हणता येणार नाही. आता मोठमोठे दगड डोंगरांवर नेऊन, ते फरसबंदीसारखे बसवून ह्या वाटा दुरुस्त करण्यात येतात.

पुस्तकांपासून आलेला पैसा वेनराइट यांनी स्वतःसाठी फारसा वापरला नाही. बेवारशी कुत्र्या-मांजरांना आसरा देणाऱ्या संस्थेला तो जात असे. केंडलजवळ अशा प्राण्यांसाठी घर उभे राहिले, ते मुख्यतः ह्याच पैशांतून.

उतारवयात त्यांची दृष्टी क्षीण होऊ लागली. ज्या डोळ्यांनी दूरच्या शिखराची एकेक कडा टिपली, त्यांना समोरचे पान दिसेनासे झाले. लेखणी खाली ठेवावी लागली. पाय थकल्यावर पाहण्यासाठी म्हणून जी चित्रे काढून ठेवली होती, ती पाहण्याची वेळ आली तेव्हा डोळेच उरले नाहीत. बटरमियर तळ्याच्या वरच्या अंगाला हेस्टॅक्स नावाचा एक ठेंगणा, खडबडीत डोंगर आहे. तो त्यांचा सर्वांत लाडका. त्यावर ते अखेरचे चढले, त्या दिवशी पाऊस पडत होता. त्यातून मंदावलेल्या डोळ्यांना पुढचे पाऊलही नीट दिसेना. ज्याने हजारोंना वाट दाखविली, त्याला त्या दिवशी चाचपडत पाऊल टाकावे लागले.

२० जानेवारी १९९१ रोजी वेनराइट यांचे निधन झाले. हेस्टॅक्सच्या माथ्याजवळ एक लहानसे तळे आहे. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी ‘निनावी’ असा आहे. त्या तळ्याकाठी आपली रक्षा विखरावी, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे त्यांच्या पत्नीने ती तेथे नेऊन विखुरली. डोंगरावर त्यांचे स्मारक नाही. खाली बटरमियर गावच्या छोट्या चर्चमध्ये, एका खिडकीच्या कट्ट्यावर, त्यांच्या नावाचा दगड बसविला आहे. आकाश स्वच्छ असले की, त्या खिडकीतून हेस्टॅक्स दिसतो.