डॉ. रखमाबाई : मुंबई ते सुरत-राजकोट

गुजरातेत राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना डॉ. रखमाबाई जवळच्या वाटाव्यात. त्यांचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिले गेले. जाणत्या झाल्यावर त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यांनी दावा लावला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम कोर्टाने १८८७ मध्ये दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या.

पुढे लंडनला शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. सुरत आणि नंतर राजकोट येथे स्त्रियांच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. पुरुष डॉक्टरांपुढे न येणाऱ्या बायकांना तिथे बाई डॉक्टर भेटत होती. १९५५ मध्ये त्या निवर्तल्या.

घरात मार खाणारी बाई पोलिसांत गेली नाही तरी जखम घेऊन दवाखान्यात येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे तिने मदत मागितली, तर दवाखान्याने उपचार द्यायलाच हवेत. १८१ ही महिला हेल्पलाइनही आहे. रखमाबाईंची आठवण काढताना आपण एवढे तरी घरोघरी सांगू या.