डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मधुमेहाशी झुंजलेली शेवटची नऊ वर्षे



बाबासाहेबांवर निबंध लिहा म्हटलं की महू, चवदार तळं, संविधान आणि दीक्षाभूमी हे चार टप्पे सगळ्या वह्यांत येतात. ते यायलाच हवेत. पण आज त्यांच्या आयुष्यातल्या एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहितोय. ती पाठ्यपुस्तकात फारशी नसते, पण आपल्या गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या घरात तिची चर्चा चालते. ती म्हणजे शुगर. बाबासाहेबांना मधुमेह होता. संविधानाच्या मसुद्यावर सभागृहात वर्षभर उभं राहून उत्तरं देणारा माणूस रोज इन्शुलिनची सुई घेत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आधी त्यांची राहणी कशी होती ते बघू. १४ एप्रिल १८९१ चा जन्म. १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडन. लंडनमधले दिवस तर उपासमारीचेच. सकाळी लवकर उठायचं, थोडंसं खायचं आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसायचं ते ते बंद होईपर्यंत. दुपारचं जेवण बहुतेक नाहीच. रात्री खोलीवर परत आल्यावर पुन्हा पुस्तकं, आणि भूक असह्य झाली की भाजलेले पापड. परत आल्यावरही ही सवय सुटली नाही. दादरला बांधलेल्या राजगृहात हजारो पुस्तकं होती आणि त्यांच्यात बसलेल्या माणसाला जेवणाची वेळ आठवत नसे. रात्र रात्र वाचन चाले. त्यात घरची दुःखं. पाचपैकी चार लेकरं लहानपणीच गेली. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. त्यानंतर तब्बल तेरा वर्षं बाबासाहेब एकटेच होते. वेळेवर जेवा, आता झोपा, असं हक्काने सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

या सगळ्यामुळेच त्यांना मधुमेह झाला असं मी म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत असं बोट दाखवून सांगता येत नाही. पण अपुरी झोप, सततचा ताण, तासन्‌तास एका जागी बसणं आणि अवेळी खाणं या गोष्टी मधुमेहाला पोषक असतात हे आज डॉक्टर सांगतात. बाबासाहेबांच्या दिनक्रमात त्या सगळ्या होत्या.

१९४७ साली ते छप्पन्न वर्षांचे झाले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली, ते तिचे अध्यक्ष झाले. शिवाय कायदामंत्रीपद. आणि नेमकं तेव्हाच शरीर साथ सोडायला लागलं होतं. मधुमेह, रक्तदाब, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे पायांचं दुखणं. रात्री पाय इतके ठणकायचे की झोप लागत नसे.

इथे जरा थांबून हे पायांचं प्रकरण समजून घेऊ, कारण आपल्याकडे ते वातावर किंवा म्हातारपणावर ढकललं जातं. आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होते आणि ती रक्तात येते. रक्तातून पेशीत जायला तिला इन्शुलिन लागतं. इन्शुलिन कमी पडलं किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की साखर रक्तातच साचते. वर्षानुवर्षं साचत राहिली तर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. सगळ्यात लांबच्या नसा पायांच्या, म्हणून त्रास बहुधा तिथून सुरू होतो. आधी मुंग्या, मग जळजळ, मग ठणका, आणि पुढे पुढे तर काही जाणवतच नाही. मराठवाड्यातल्या मे महिन्यात अनवाणी शेतात गेलेल्या माणसाचा तळवा भाजतो आणि त्याला घरी आल्यावर फोड बघून कळतं, ते यामुळेच. डोळ्यांचंही तसंच. बाबासाहेबांची नजरही पुढे अधू झाली.

बाबासाहेबांचं नशीब एका बाबतीत बरं होतं. त्यांच्या आधीच्या पिढीला इन्शुलिन मिळालंच नाही. लोकमान्य टिळकांनाही मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात ते खाण्यापिण्याचं पथ्य सांभाळूनच तग धरून राहिले. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले, आणि १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्ये डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होते. पंचवीस वर्षांनी हेच औषध आपल्याला जगवणार आहे, याची त्यांना काय कल्पना!

उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे जात. तिथे डॉ. शारदा कबीर नावाच्या तरुण डॉक्टर काम करत होत्या. एका स्नेह्यांच्या घरी त्यांची आणि बाबासाहेबांची आधी ओळख झाली होती. डॉक्टरांनी बाबासाहेबांना स्पष्ट सांगितलं की आता गोळ्या-औषधांवर भागणार नाही, रोजचं पथ्यपाणी बघणारं माणूस घरात हवं. इकडे २१ फेब्रुवारी १९४८ ला संविधानाचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांकडे गेला आणि तिकडे १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत बाबासाहेब आणि शारदा कबीर यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या. लोक त्यांना माईसाहेब म्हणू लागले.

माईसाहेबांनी घरात काय बदललं? इन्शुलिनची सुई वेळेवर. खाण्यावर नजर. पायांना मालीश. झोपेची वेळ ठरवायचा प्रयत्न. ऐकायला साध्या गोष्टी वाटतात. पण इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकापायी जेवण विसरण्याची सवय लावून घेतली, त्याला आता घड्याळ बघून जेवायचं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी हे शिकणं सोपं नाही. डॉक्टरेट मिळवलेल्या, जगातल्या डझनभर राज्यघटना कोळून प्यायलेल्या माणसालाही आपल्या शरीराचा हा धडा दुसऱ्याकडून घ्यावा लागला. तो त्यांनी घेतला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तेव्हाची साधनंही काय होती बघा. बोटाला टोचून पाच सेकंदात आकडा दाखवणारं यंत्र नव्हतं. बेनेडिक्टचं निळं द्रावण परीक्षानळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर थोडी, आणि विटेसारखं लाल झालं तर भरपूर. तेही काही तासांपूर्वीची परिस्थिती सांगणार. काचेची सिरिंज प्रत्येक वेळी उकळून घ्यायची. आज शाळेच्या प्रयोगशाळेत मुलं बेनेडिक्टची परीक्षा करतात तेव्हा मी त्यांना आवर्जून सांगतो की एकेकाळी मधुमेही माणसाची रोजची सकाळ या नळीने सुरू व्हायची.

त्यांचं जेवण मात्र मुळातच साधं. छोटी भाकरी, थोडा भात, दही, मासे. दारू-सिगारेट नाही. एका चौथीच्या मुलाने मला विचारलं होतं, सर, मग बाबासाहेब गूळ खायचे का? हा प्रश्न गमतीचा नाही. गूळ चालतो, मध चालतो, भाकरी कितीही चालते, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. गुळाने साखर वाढतेच. ज्वारीच्या भाकरीत तंतुमय भाग जास्त म्हणून ती बरी, पण तीन-चार भाकऱ्या खाल्ल्या तर तिचीही साखर होते. भाकरी मोजून, ताटात भाजी-डाळ जास्त आणि दिवसातून सहा वेळा होणारा गोड चहा कमी, एवढं जरी केलं तरी फरक दिसतो. जोडीला रोज अर्धा तास चालणं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतर थोडं चाललं तरी उपयोग होतो. पण सुई किंवा गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करायच्या नाहीत. पथ्य औषधाच्या जागी येत नाही, सोबत येतं.

या सांभाळून घेतलेल्या शरीराकडून बाबासाहेबांनी काय काम करून घेतलं ते बघा. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. समितीतले सदस्य कोणी राजीनामा दिलेला, कोणी वारलेले, कोणी परदेशी, कोणी दिल्लीपासून दूर. ओझं शेवटी एका आजारी माणसाच्या खांद्यावर आलं, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहातच सांगून ठेवलंय. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं.

आणि लगेच पुढच्या वर्षी ते आपल्या शहराकडे वळले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला होता. उच्च शिक्षणाची इथे वानवाच होती. ८ जुलै १९४५ ला स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखा माणूस त्यांनी हाताशी घेतला. पाय दुखत असताना दिल्लीहून इतक्या लांब ते पुन्हा पुन्हा येत, बांधकामात स्वतः लक्ष घालत. परिसराला नाव दिलं नागसेनवन आणि महाविद्यालय झालं मिलिंद. राजा मिलिंद प्रश्न विचारणारा आणि भिक्खू नागसेन उत्तरं देणारा. विद्यार्थ्याने प्रश्न विचारलेच पाहिजेत, हे नावातच आलं. याच शहरातल्या विद्यापीठाला आज बाबासाहेबांचं नाव आहे, आणि त्या आवाराच्या रस्त्यांवर पहाटे शुगरवाले काका-मावशी चालताना दिसतात.

पण पथ्याने सगळं भरून निघत नाही. नसांचं जे नुकसान आधीच झालेलं असतं ते बहुतेक वेळा परत येत नाही. १९५२ ची लोकसभा निवडणूक ते हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव झाला आणि त्याच वर्षी ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. पुढे चालायला काठी आणि कोणाचा तरी खांदा लागायला लागला. रात्रीचं वाचन मात्र माईसाहेबांनाही बंद करता आलं नाही. या एका बाबतीत बाबासाहेब चांगले रुग्ण नव्हते, असं म्हणायला हरकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या समोर ते धम्मदीक्षेसाठी उभे राहिले तेव्हाही हातात काठी होती. नोव्हेंबरात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तिथून सारनाथ, कुशीनगर करून दिल्लीला परतले.

त्यांच्या निधनानंतर माईसाहेबांवर संशय घेतला गेला. चौकशी झाली आणि सरकारने संसदेत मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं. तरी कुजबूज बरीच वर्षं चालली. दुःख मोठं होतं हे खरंच. पण मला वाटतं की मधुमेह म्हणजे काय, तो आतून हृदय, मूत्रपिंड, नसा कशा पोखरतो, घरात रोज सुई का द्यावी लागते, हे तेव्हा लोकांना ठाऊक असतं तर त्या बाईंच्या वाट्याला इतकं आलं नसतं. १९९० मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, ते माईसाहेबांनी स्वीकारलं.

बाबासाहेबांच्या घरात डॉक्टर होती. आपल्या बहुतेक घरांत नसते. म्हणून पालकांना एक माहिती देतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब गावच्या उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात मोफत तपासतात. आशाताईंना विचारलं तरी दिवस कळतो. शहरात घाटी आहेच. जास्त तहान, वारंवार लघवी, भरून न येणारी जखम, पायांना मुंग्या यांपैकी काही असेल तर थांबू नका. पण काहीच त्रास नसतानाही साखर वाढलेली असू शकते, म्हणून तपासणी. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर हे काम घरातल्या मुलांना द्या. मुलं ते आवडीने करतात, आणि बारीक फोडही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी आपले सहायक नानकचंद रत्तू यांना बुद्धांवरच्या ग्रंथाची प्रस्तावना आणि कागद पलंगाजवळ आणून ठेवायला सांगितले. त्यावर त्यांनी शेवटचा हात फिरवला. ६ डिसेंबरच्या सकाळी ते झोपेतच गेलेले आढळले. वय पासष्ट. ग्रंथ पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये छापून आला. मिलिंदचे वर्ग त्याही वर्षी जूनमध्ये नेहमीप्रमाणे भरले.