जॉन टिंडल

कौलारू घराच्या अंधाऱ्या माजघरात भर दुपारी छपराच्या फटीतून उन्हाचा कवडसा उतरतो, तेव्हा त्यात सूक्ष्म धूलिकण नाचताना आपण सर्वांनीच पाहिले आहेत. कवडसा सरकतो, कण दिसेनासे होतात आणि आपणही ते विसरून जातो. परंतु ह्याच धूलिकणांकडे वर्षानुवर्षे टक लावून पाहणारा, त्यांच्या मागोमाग थेट आकाशाच्या निळ्या रंगापर्यंत जाऊन पोहोचणारा आणि जे आपल्याला दिसले ते मुलांनाही दिसलेच पाहिजे ह्या ध्यासाने झटणारा एक शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव जॉन टिंडल.

जॉनचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात, लेलिनब्रिज ह्या लहानशा गावी झाला. वडील पोलीस शिपाई होते. घरची गरिबी होती. तथापि मुलाने शिकावे, अशी वडिलांची फार इच्छा होती. गावच्या शाळेत एका चांगल्या पंतोजींच्या हाताखाली जॉन गणितात तयार झाला आणि त्या गणिताच्या बळावर १८३९ मध्ये सरकारी भूमापन खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागला. तीन वर्षांनी त्याची बदली इंग्लंडमध्ये प्रेस्टन येथे झाली. पगार आठवड्याला वीस शिलिंगांहूनही थोडा कमी होता. भूमापन खात्यातील एका वडीलधाऱ्या अधिकाऱ्याने, फावला वेळ कसा घालवतोस, असे त्याला सहज विचारले आणि रोज पाच तास अभ्यास करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता जॉन पुस्तक उघडून बसला, आणि पुढे बारा वर्षे हा नेम त्याने क्वचितच मोडला.

ह्याच नोकरीत एक कसोटीचा प्रसंग आला. खात्यात नोकरांना मिळणारी वागणूक आणि वेतन ही अन्यायाची आहेत, असे जॉनला व त्याच्या काही सोबत्यांना वाटत होते. त्यांनी तक्रार केली. १८४३ मध्ये तक्रार करणाऱ्यांना कामावरून काढून टाकण्यात आले. तेवीस वर्षांचा तरुण परमुलखात बेकार झाला. काही काळाने त्याला आगगाडीचे नवे मार्ग आखण्यासाठी मोजणीचे काम मिळाले. त्या दिवसांत इंग्लंडात जिकडेतिकडे लोहमार्ग टाकण्याची नुसती लाट उसळली होती. ती ओसरताच १८४७ मध्ये टिंडल हँपशर परगण्यातील क्वीनवुड कॉलेज नावाच्या शाळेत गणिताचे शिक्षक झाले.

ही शाळा जरा जगावेगळी होती. विज्ञान हे केवळ वाचायचे नसून हाताने करून पाहायचे असते, असे मानणाऱ्या आणि मुलांसाठी प्रयोगशाळा बाळगणाऱ्या इंग्लंडमधील पहिल्या काही शाळांत तिची गणना होते. टिंडल मुलांना मोजणीची साधने घेऊन शेतात नेत. भूमितीच्या तासाला त्यांनी एक वेगळाच प्रकार सुरू केला. युक्लिडची प्रमेये मुखोद्गत करून घेण्याचा आणि न आल्यास छडीचा प्रसाद देण्याचा तो काळ होता. टिंडल प्रमेय सांगत नसत. ते मुलांपुढे नवे कोडे ठेवीत, अडेल तेथे थोडासा आधार देत आणि बाजूला होत. प्रथम मुले बिचकली. परंतु एखादे कोडे स्वतः सोडवल्याचा आनंद एकदा चाखल्यावर कोणाला पाठांतराकडे परत जावेसे वाटेना. खेळाच्या मैदानाच्या भिंतींवरही भूमितीच्या आकृत्या दिसू लागल्या. भिंती खराब केल्या म्हणून मुलांना रागे भरणारे शिक्षक पुष्कळ असतात. ह्या आकृत्या पाहून धन्यता मानणारे टिंडल विरळा.

शिकवता शिकवता आपलेच ज्ञान तोकडे आहे हे त्यांच्या ध्यानात आले. साठवलेले थोडे पैसे गाठीला बांधून १८४८ मध्ये ते शाळेतील रसायनशास्त्राचे शिक्षक एडवर्ड फ्रँकलंड ह्यांच्यासह जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. भाषा नवी, गुरू नवे. तेथे अहोरात्र श्रम करून १८५० मध्ये त्यांनी डॉक्टर ही पदवी मिळवली, आणि १८५१ मध्ये ते पुन्हा क्वीनवुडच्या मुलांत परत आले.

लंडन शहरात रॉयल इन्स्टिट्यूशन नावाची एक विख्यात विज्ञानसंस्था आहे. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे तेथे काम करीत होते. फॅरडे लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता ते शास्त्राकडे वळले होते. ११ फेब्रुवारी १८५३ रोजी टिंडल ह्यांनी ह्या संस्थेत एक व्याख्यान दिले. ते इतके प्रभावी झाले की, त्याच वर्षी त्यांना तेथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक नेमण्यात आले. लोहाराचा मुलगा आणि पोलीस शिपायाचा मुलगा एकाच छताखाली काम करू लागले, आणि त्यांच्यातील स्नेह फॅरडे ह्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८६७ पर्यंत, अखंड राहिला.

ह्या संस्थेत १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानमाला होत असे. १८६१ ते १८८४ ह्या काळात टिंडल ह्यांनी अशा बारा माला गुंफल्या. त्यांपैकी तीन प्रकाशावर आणि दोन ध्वनीवर होत्या. ते मोठ्यांसाठीही व्याख्याने देत, आणि कामगारांसाठी तर आवर्जून देत. ह्या व्याख्यानांत ते जे प्रयोग करून दाखवीत त्यांचे वर्णन त्यांच्या ग्रंथांत वाचताना आजही मन रमून जाते.

ध्वनी हवेतून कसा जातो, हे समजावण्यासाठी त्यांनी पाच मुलांचाच उपयोग केला. मुले एकामागे एक उभी. प्रत्येकाचे हात पुढच्याच्या पाठीवर. टिंडल शेवटच्या मुलाला अवचित धक्का देत. तो पुढच्याला ढकली आणि पुन्हा सरळ होई. धक्का मात्र पुढे पुढे जाई. सर्वांत पुढे असलेल्या मुलाला कोणाचाच आधार नसल्यामुळे तो पुढे झोकांडे. मुलगे होते तेथेच राहिले, प्रवास केला तो धक्क्याने. देवळातील घंटा वाजते तेव्हा घंटेजवळची हवा काही आपल्या कानाशी येत नाही. हवेचा एक कण दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा धक्का आपल्या कानाच्या पडद्यावर आदळतो. पाच मुले आणि एक धक्का, एवढ्या सामग्रीत त्यांनी जे शिकवले ते फळ्यावरच्या व्याख्येने कधीही साधले नसते. आपल्या वर्गात हा प्रयोग आजच करून पाहता येईल. मात्र धक्का बेताने द्यावा.

दुसरा प्रयोग अधिक नवलाचा. व्याख्यानगृहाच्या खाली दोन मजले सोडून एका खोलीत पियानो ठेवलेला असे. पियानोपासून निघालेली लाकडाची एक लांब काठी मजल्यांतून आरपार वर आणलेली होती. खाली पियानो वाजत असता वर काही ऐकू येत नसे. परंतु काठीच्या वरच्या टोकावर हार्प हे तंतुवाद्य टेकवले की, कोणीही न छेडता त्यातून संगीत झरू लागे! लाकडातून कंप वर चढत आणि वाद्याच्या पोकळीत घुमत. ही मूळ कल्पना व्हीटस्टन ह्या शास्त्रज्ञाची. तसाच त्यांचा ध्वनीला दबकणारा दिवा. बारीक तोंडाच्या नळीतून वायू नेमक्या दाबाने सोडून ते उंच, सडपातळ ज्योत पेटवीत. दाब आणखी किंचित वाढला तर ती फडफडेल, अशा बेताने ती ठेवलेली असे. दूरवर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला किंवा कागद चुरगळला की, ज्योत दचकल्यासारखी एकदम खाली बसे. कानांना जे कळते ते डोळ्यांना दाखवण्याची ही युक्ती होती.

प्रकाशाच्या बाबतीत १८५४ मध्ये त्यांनी केलेला एक प्रयोग तर पुढे जगप्रसिद्ध झाला. पाण्याने भरलेल्या पात्राला एका बाजूस छिद्र ठेवून त्यातून पाण्याची धार सोडली आणि समोरून प्रखर प्रकाश आत पाठवला. किरण सरळ रेषेत जातो, हे आपण शिकतो. येथे मात्र धार वाकली तसतसा प्रकाशही तिच्याबरोबर वाकून खाली आला. वस्तुतः किरण आपला धर्म सोडीत नाही. तो धारेच्या आतल्या कडेवर तिरका आपटतो, बाहेर पडू शकत नाही, पुन्हा आत परततो आणि असा ठेचकाळत, प्रत्येक टप्प्यात सरळच चालत, पुढे जातो. आजच्या काचतंतूंतून दूरध्वनीचे संदेश जातात ते ह्याच तत्त्वावर. हा प्रयोग टिंडल ह्यांच्या नावावर मोडतो, तथापि जिनीव्हाचे कोलाडन ह्यांनी तो आधीच करून दाखवला होता, हे सांगणे न्यायाचे होईल.

आता कवडशाकडे वळू. प्रकाशाचा झोत बाजूने दिसतो तो त्याच्या वाटेतील कणांमुळे. ही गोष्ट टिंडल ह्यांनी कसून तपासली. हवाबंद पेटीला आतून चिकट ग्लिसरीन लावून ती त्यांनी काही दिवस स्वस्थ ठेवली. सारी धूळ चिकटून गेली. मग झोत पेटीत शिरताच जणू लुप्त होई. अशा स्वच्छ हवेत उकळून ठेवलेले मांसाचे पाणी नासत नाही, हेही त्यांनी दाखवले. पदार्थ नासवणारे जंतू आपोआप उपजत नाहीत, हवेतून येतात, ह्या लुई पाश्चर ह्यांच्या मताला त्यामुळे मोठी पुष्टी मिळाली. दुसऱ्या एका प्रयोगात काचनळीतील वाफेपासून अतिसूक्ष्म कण तयार होऊ लागताच प्रकाशाच्या झोतात सुंदर निळा ढग दिसला. कण मोठे होत गेले तसा तो पांढरा झाला. पेलाभर पाण्यात दुधाचे थोडे थेंब टाकून अंधारात विजेरीचा झोत सोडला तर बाजूने अशीच निळसर छटा दिसते. आकाशाचा रंगही अशाच कणांचा, असे त्यांना वाटले. पुढे लॉर्ड रॅले ह्यांनी दाखवले की, त्यासाठी धूळही नको. हवेचे रेणूच निळा प्रकाश अधिक विखुरतात. ह्याच वाटेने पुढे आपले चंद्रशेखर वेंकट रामन गेले. १९२१ मध्ये विलायतेहून परतताना त्यांनी समुद्राच्या निळाईचा छडा लावला आणि त्यावरील टिपण मुंबई बंदरात बोटीवरूनच लिहून धाडले.

टिंडल ह्यांचे ज्ञान व्याख्यानगृहात कोंडून राहिले नाही. दाट धुक्यात दीपगृहाचा उजेड दिसत नाही; अशा वेळी खलाशांना आवाजाने सावध करावे लागते. १८७३ मध्ये डोव्हरजवळच्या कड्यावर तोफा, कर्णे आणि भोंगे वाजवून ते स्वतः जहाजातून दूर जात आणि आवाज कोठवर येतो ते टिपून घेत. धुके आवाज अडवते, असा सर्वांचा समज होता. अनुभव उलट आला. धुक्यात आवाज दूरवर पोहोचे, तर एखाद्या लख्ख, शांत दिवशी तोफेचा आवाजही लवकरच मावळे. कमीअधिक तापलेल्या, कमीअधिक दमट हवेचे अदृश्य थर आवाजाला माघारी फिरवतात, असे अनुमान त्यांनी काढले. ऐकू येईल ह्या भरवशावर असलेल्या खलाशाच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न होता.

गिर्यारोहणाचाही त्यांना छंद होता. आल्प्समधील वाइसहॉर्न हे शिखर १८६१ मध्ये प्रथम सर करणाऱ्यांत ते होते. १८७२ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि गावोगावी प्रकाशावर व्याख्याने दिली. खर्च वजा जाता सुमारे तेरा हजार डॉलर उरले. एकेकाळी वीस शिलिंगांत आठवडा काढणाऱ्या ह्या माणसाने त्यातला एक डॉलरही घरी नेला नाही. पदार्थविज्ञान शिकू इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी ती सारी रक्कम त्यांनी तेथेच ठेवली.

१८७६ मध्ये त्यांचा विवाह लुइझा हॅमिल्टन ह्यांच्याशी झाला. १८८७ मध्ये ते निवृत्त झाले आणि हाइंडहेड येथील टेकडीवर राहू लागले. प्रकृती ढासळली होती, झोप येत नसे. ४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नीच्या हातून नजरचुकीने एका औषधाऐवजी दुसरे, झोपेचे औषध मोठ्या प्रमाणात दिले गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. लुइझा त्यानंतर सत्तेचाळीस वर्षे जगल्या. पतीची पत्रे, रोजनिशा आणि टिपणे गोळा करून त्यांचे चरित्र सिद्ध करावे, हा एकच उद्योग त्यांनी जन्मभर केला. ते चरित्र १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या हयात नव्हत्या.