खेळपट्टी राखणारा गोलंदाज : बाळू पालवणकर

भातकापणी झाली की महाड-पोलादपूर परिसरातील मुले रिकाम्या खाचरांत टेनिसचा चेंडू घेऊन क्रिकेट खेळतात. बांध हीच त्यांची सीमारेषा. आजच्या खेळाडूंची नावे या मुलांना तोंडपाठ असतात. परंतु भारताच्या पहिल्या थोर गोलंदाजाचे नाव त्यांना सहसा ठाऊक नसते. तो गोलंदाज अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातला होता आणि त्याचे आडनाव कोकणातल्या पालवण या गावावरून आलेले होते. आंबेडकरी घरांत त्याचे नाव फारसे घेतले जात नाही, याला कारण आहे. ते पुढे येईलच.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्करी नोकरीत असल्याने बालपण पुण्याच्या छावणीत गेले. छावणी आणि आपला समाज यांचे नाते महाडकरांना वेगळे सांगावयास नको. जवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातूनच निवृत्त झाले होते आणि बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. गावाने जे नाकारले त्यातले थोडेबहुत छावणीत मिळे. कोणाला अक्षरओळख मिळाली, तर पालवणकर बंधूंना गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेली बॅट आणि चेंडू.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याची आणि तिच्यावर रूळ फिरवण्याची होती. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार ४ रुपये झाला. तेथे खेळपट्टी तयार करणे, जाळ्या उभारणे, टेनिसच्या मैदानांची निगा राखणे ही कामे होती. त्यात साहेबांच्या सरावासाठी गोलंदाजी करण्याची भर पडली. ग्रेग हा नावाजलेला फलंदाज इतरांच्या आधी येऊन बाळूंपुढे सराव करी. आपल्याला बाद केल्यास तो दर खेपेस आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती सांगतो. मात्र त्या क्लबात बाळूंना कोणी फलंदाजी करू दिली नाही, एवढे निश्चित. दिवसाचे तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकून त्यांनी साहेबांना खेळ शिकवला. प्रशिक्षक हा शब्द त्यांना कोणी लावला नाही. हजेरीपटावर ते मजूरच राहिले.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, आणि हा गोलंदाज हाताशी असताना त्याला बाहेर ठेवावे कसे, हा पेच पडला. बराच वाद झाल्यावर बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर त्यांच्या हातून आलेला चेंडू ब्राह्मण खेळाडूही झेलत. चहाची वेळ झाली की इतरांना कपबशी, बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे पानही वेगळे. चेंडू विटाळत नव्हता, पेला विटाळत होता! ज्या गावात पुढे चवदार तळ्याचे पाणी पेटले, त्या गावच्या वाचकाला यावर भाष्याची गरज नाही. साताऱ्यात बाळूंनी युरोपियन संघाला लोळवले तेव्हा पुण्यात मोठमोठ्या पुढाऱ्यांकडून त्यांचा गौरव झाला. सत्कार करणाऱ्या समाजाने पेला मात्र बदलला नाही, असे मला खेदाने नोंदवावेसे वाटते.

प्लेगच्या आगेमागे बाळू मुंबईस आले. तेथील हिंदू जिमखान्यातही काही सभासदांनी विरोध केला, पण तो टिकला नाही. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी सामन्यात ८ बळी घेतले. धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ २३ पैकी १५ सामने हरला. दुखऱ्या खांद्यानिशी बाळूंनी मात्र सर्व सामने धरून शंभराहून अधिक बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी ८ गडी टिपले, तर सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद शतक झळकावले. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. त्या वेळी ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. आपल्यातला एक माणूस गुणवत्तेच्या बळावर विलायतेपर्यंत पोहोचला, याचा त्या विद्यार्थ्याला किती अभिमान वाटला असेल!

एवढा पराक्रम असूनही कर्णधारपद मिळाले नाही. वर्षामागून वर्षे ते उच्चवर्णीयाकडेच गेले. कर्णधार पै यांनी स्वतःच हा मान बाळूंचा होता असे जाहीरपणे मान्य केले, ही त्यांच्या मनाची सरळता. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना संघातूनच वगळले आणि पै आजारी असताना धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून देवधरांना नेमले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जातीवरून होणारा हा अन्याय उघड करून संघातून माघार घेतली. महाडच्या सत्याग्रहाच्या सात वर्षे आधीचा हा सत्याग्रहच नव्हे काय? परिणामी पै परतल्यावर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै मैदानाबाहेर असताना काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याने मिळवले.

आता त्या अवघड प्रकरणाकडे वळू. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे, तशी ती बाबासाहेबांचीही आहे. परंतु दोघांचे मार्ग तेव्हाच वेगळे झाले होते. बाळूंचा कल गांधीजींकडे आणि संयुक्त मतदारसंघाकडे होता. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यांना मान्य झाली नाही. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक बाबासाहेब मुंबईतून उभे राहिले, तेव्हा काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

या उमेदवारीमुळे आमच्या पिढीने बाळूंना बाजूला सारले. काँग्रेसने त्यांच्या लौकिकाचा वापर केला, हे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यांचा राजकीय निर्णय चुकीचा होता असेच मी मानतो. परंतु ज्या हिंदू संघाने त्यांना आधी मातीचे भांडे दिले आणि पुढे उपकर्णधारपद दिले, त्या समाजात आतूनच पालट होईल असे त्यांना वाटणे समजण्याजोगे आहे. एका आयुष्यात त्यांनी तेवढा बदल डोळ्यांनी पाहिला होता. बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर वेगळे काही पाहिले. पाणी प्याल्यावर सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. विद्यार्थ्यांना दोन्ही अनुभव शेजारी ठेवून शिकवावेत. एकाला पुसून दुसरा नीट कळत नाही.

बंधू विठ्ठल यांनी १९४८ मध्ये मराठीतून आत्मचरित्र प्रसिद्ध केले. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निवर्तले. नागपूरची दीक्षा त्यानंतर पंधरा महिन्यांनी झाली.