निन्टेंडोचे मूळपुरुष

मुले ज्या निन्टेंडोसाठी हट्ट धरतात, तिचे युरोपचे मुख्य कार्यालय २०१४ पासून आपल्या फ्रँकफर्टमध्येच आहे.

संस्थापक फुसाजिरो यामाउची यांचा जन्म १८५९ चा. १८८९ मध्ये क्योटोत त्यांनी हाताने बनवलेल्या फुलांच्या पत्त्यांचे, म्हणजे हानाफुदाचे, दुकान काढले. आपली सावंतवाडीची गंजिफा आठवते ना? १९२९ मध्ये त्यांनी धंदा जावयाकडे सोपवला. जावयाने यामाउची आडनाव लावले. १९४० मध्ये फुसाजिरो वारले. फॅमिकॉम आला १९८३ मध्ये, पणतू हिरोशींच्या काळात. तरी कंपनी हानाफुदा आजही विकते.

आपली मुलेही वेगळ्या वाटेने जातील. आपण दिलेला एखादा पत्ता त्यांनी जपला, तरी आम्हाला पुरे!