सागरव्रती रेचेल कार्सन

अमेरिकेतील पेनसिल्वेनिया प्रांतात, समुद्रापासून दूर स्प्रिंगडेल गावी २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सन यांचा जन्म झाला. सागराची ओढ त्यांना ग्रंथांनी लावली. प्रत्यक्ष दर्शन घडले ते १९२९ साली, वुड्स होल येथे जीवशास्त्राच्या अध्ययनास गेल्या तेव्हा. पितृनिधनानंतर कुटुंबाचा भार शिरावर आला. १९३६ साली त्यांनी सरकारी मत्स्यखात्यात नोकरी पत्करली. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९५१ च्या सागरविषयक ग्रंथाने कीर्ती व स्वास्थ्य लाभले. तथापि कीटकनाशकांचा घातक प्रसार पाहून त्यांनी स्वस्थता त्यागली आणि कर्करोगाशी झुंजत १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ सिद्ध केला. १४ एप्रिल १९६४ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या रक्षेचा काही अंश मेन प्रांताच्या किनाऱ्यावर सागरार्पण झाला. व्रताची सांगता व्रतदेवतेच्या चरणी झाली.